फळ्याला बोट दिसते कसे?

आपल्या शाळेत बोटाने लिहिता येणारा मोठा डिजिटल फळा असेल, तर हा लेख पुढे वाचण्याआधी दोन साधे प्रयोग करून पाहावेत. पहिला प्रयोग असा. लाकडी पेन्सिलीची टोक न केलेली बाजू फळ्यावर टेकवून रेघ ओढा. रेघ उमटेल. तीच पेन्सिल मोबाइलच्या पडद्यावर कितीही फिरवा, तिथे काहीही घडणार नाही. दुसरा प्रयोग करताना एका विद्यार्थ्याला फळ्याच्या कडेशी उभे राहून काचेला समांतर नजर ठेवायला सांगा. आपण बोट अगदी सावकाश काचेकडे न्या. बोट काचेला लागण्यापूर्वीच, मध्ये दोनतीन मिलिमीटरची फट असतानाच, फळ्यावर ठिपका उमटलेला त्याला दिसेल.

म्हणजे या फळ्याला स्पर्श कळतच नाही. मोबाइलच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्याने बोट जवळ आले की त्या जाळीतील विद्युतभारात फरक पडतो. कोरडे लाकूड वाहक नसल्याने तिथे पेन्सिल चालत नाही. फळ्याला मात्र बोट काय, पेन्सिल काय आणि छडी काय, सगळे सारखेच. त्याला फक्त एवढेच कळते की आपल्या प्रकाशाच्या वाटेत काहीतरी आडवे आले आहे. (पेन्सिलीने रेघ उमटलीच नाही, तर आपला फळा मोबाइलच्याच जातीचा आहे असे समजावे. पण शाळांमध्ये आलेल्या फळ्यांपैकी बरेचसे प्रकाशावरच चालतात.)

शिक्षकांच्या शिबिरांत आम्हांला या फळ्यांविषयी जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा तक्रारींच्या रूपातच असतात. दुपारनंतर फळ्याचा एक भाग चालेनासा होतो. कोणी हात लावलेला नसताना रेघा उमटतात. अनुस्वार अक्षराला चिकटून येतो. जुन्या फळ्यावर दोन मुले एकदम लिहू लागली की ठिपके भलतीकडेच पडतात. मग ‘बोर्ड बिघडला’ असे ठरते, कंपनीचा माणूस येईपर्यंत त्यावर कापड पडते, आणि गाव आडबाजूचे असेल तर ते कापड महिनोन् महिने निघत नाही. यांतल्या पुष्कळ वेळी फळा बिघडलेला नसतोच. तो त्याच्या नियमाने वागत असतो आणि तो नियम आठवी-नववीच्या प्रकाशाच्या धड्यापलीकडचा नाही.

फळ्याच्या काचेभोवती जी चौकट असते तिची आतली कड जवळून पाहा. काळ्या, चकचकीत प्लॅस्टिकची एक अरुंद पट्टी दिसेल. हे प्लॅस्टिक आपल्याला काळे दिसते, कारण ते दृश्य प्रकाश अडवते. अवरक्त किरण मात्र त्यातून पार जातात. त्याच्या मागे, समजा वरच्या कडेला आणि डाव्या कडेला, अवरक्त प्रकाश देणारे छोटे एलईडी ओळीने बसवलेले असतात आणि समोरच्या दोन कडांना तितकेच प्रकाश-संवेदक. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो त्याच जातीचा हा एलईडी. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ८५० ते ९५० नॅनोमीटर, म्हणजे तांबड्याच्या पलीकडची, आपल्या डोळ्यांना न दिसणारी. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्याच्यासमोर रिमोटचे बटण दाबले तर रिमोटच्या टोकाशी फिकट जांभळा प्रकाश लुकलुकताना दिसतो. (काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण गाळून टाकणारी काच असते. तसे असेल तर पुढचा कॅमेरा वापरून पाहावा.) हा प्रयोग वर्गात जरूर करावा. ‘न दिसणारा प्रकाश’ या शब्दप्रयोगावर मुलांचा विश्वास बसायला त्याची मदत होते. हे किरण डोळ्यांना घातक आहेत का, असे पालक विचारतात. त्यांची तीव्रता रिमोटच्या प्रकाशासारखीच थोडी असते आणि मैदानावर सूर्य त्याच्या कितीतरी पट अवरक्त प्रकाश आपल्यावर ओतत असतो.

तर काचेच्या पुष्ठभागापासून थोड्या अंतरावर, काचेला समांतर, अदृश्य किरणांचे एक जाळे विणलेले आहे. काही किरण उभे, काही आडवे. बोट आत शिरले की एक उभा आणि एक आडवा किरण अडतो. त्या दोन संवेदकांवर सावली पडते. कोणता उभा किरण अडला यावरून क्ष-निर्देशक मिळाला आणि कोणता आडवा अडला यावरून य-निर्देशक. आलेख कागदावर बिंदू मांडायला आपण शिकवतो तेच इथे उलट्या बाजूने घडते.

ही कल्पना शाळेसाठीच जन्माला आली, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली ‘प्लेटो’ नावाची, संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याची यंत्रणा उभारायला सुरुवात केली. तिच्या १९७२ सालच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक विद्यार्थ्यासमोर नारिंगी रंगात उजळणारा प्लाझ्माचा सपाट पडदा होता आणि त्याच्या चौकटीत १६ उभ्या व १६ आडव्या अवरक्त किरणांचे जाळे. म्हणजे पडद्याचे २५६ चौकोन झाले. प्रश्न पडद्यावर येई आणि मूल उत्तरावर बोट ठेवी. कळफलक न येणाऱ्या लहान मुलांसाठी ही मोठीच सोय होती. पुढे १९८३ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-१५० हा संगणक बाजारात आणला, त्यातही हीच युक्ती होती. त्याच्या चौकटीला किरणांसाठी बारीक भोके होती आणि त्यांत धूळ साठे. धुळीचे हे दुखणे तेव्हापासूनचे आहे. त्याकडे आपण येणारच आहोत.

सोळा किरणांनी ‘पर्याय अ, ब की क’ हे कळते, पण अक्षर लिहिता येत नाही. लिहिण्यासाठी किती किरण लागतील याचा हिशेब वर्गात करण्याजोगा आहे. ६५ इंची फळ्याचा पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच असतो. समजा, दर ५ मिलिमीटरला एक किरण आहे. तर उभे किरण २८८ आणि आडवे १६२, एकूण ४५०. हे सगळे एलईडी एकाच वेळी लावून चालत नाही, कारण प्रत्येकाचा प्रकाश थोडा पसरतोच आणि शेजारच्या संवेदकावर सांडतो. मग कोणती सावली कोणाची हे कळणार नाही. म्हणून एका क्षणी एकच एलईडी उजळतो, त्याच्या समोरचा संवेदक आपली नोंद देतो, आणि मग पुढचा एलईडी. हजेरी घेतल्यासारखेच. अशी पूर्ण हजेरी सेकंदाला १०० वेळा घ्यायची तर प्रत्येक एलईडीच्या वाट्याला सुमारे २२ मायक्रोसेकंद येतात. विजेच्या साधनांना हा वेळ भरपूर आहे. पण हाताला मात्र सेकंदाचा शंभरावा भाग अगदीच छोटा नाही. सेकंदाला एक मीटर या वेगाने हात फिरवला तर दोन हजेऱ्यांच्या मध्ये बोट एक सेंटिमीटर पुढे गेलेले असते. मधली रेघ फळा अंदाजाने जोडून घेतो. झपाट्याने काढलेले वर्तुळ कधी कधी बहुभुजासारखे दिसते ते त्यामुळे.

आता एक शंका कोणीही चौकस मूल काढील. किरण जर ५ मिलिमीटर अंतरावर असतील, तर रेघही ५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनीच सरकायला हवी. पण ती तर एकेका मिलिमीटरने सरकते. ती कशी?

याचे उत्तर आम्हांला या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत सुंदर भाग वाटते. किरण म्हणजे भूमितीतली जाडी नसलेली रेषा नव्हे. त्याला रुंदी असते, आणि बोट तो पूर्णपणे अडवील किंवा अर्धवट अडवील. संवेदक केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत नाही. किती प्रकाश कमी झाला हेही तो सांगतो. समजा, बोटामुळे चार उभ्या किरणांवर परिणाम झाला. १०० क्रमांकाचा किरण ३० टक्के अडला, १०१ आणि १०२ पूर्ण अडले, १०३ क्रमांकाचा ७० टक्के अडला. या चार क्रमांकांची भारित सरासरी काढू. (१०० × ०.३ + १०१ × १ + १०२ × १ + १०३ × ०.७) ला (०.३ + १ + १ + ०.७) ने, म्हणजे ३०५.१ ला ३ ने भागायचे. उत्तर १०१.७. किरणांतले अंतर ५ मिलिमीटर, तेव्हा बोटाचा मध्य कडेपासून ५०८.५ मिलिमीटरवर. किरण जाडेभरडे असले तरी त्यांच्या सावलीची कड नीट मोजल्याने हे बारीक मोजमाप हाती येते. भारित सरासरी हा पाठ रटाळ वाटणाऱ्या वर्गात हे उदाहरण अवश्य द्यावे.

एवढे समजले की तक्रारींकडे वळता येते. अनुस्वाराची तक्रार आधी घेऊ, कारण ती देवनागरी लिहिणाऱ्यांना जास्त जाचते. किरणांचे जाळे काचेच्या दोनतीन मिलिमीटर वर आहे. खडूने लिहिताना एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना आपण हात जेमतेम उचलतो. खडू काचेपासून, म्हणजे फळ्यापासून, केसभर सुटला तरी पुरते. इथे बोट काचेवरून सुटले तरी जाळ्यातच असते. फळ्याच्या दृष्टीने बोट उचललेलेच नाही, म्हणून शिरोरेघेपासून अनुस्वारापर्यंत एक शेपटी येते. वेलांटी आणि रफार यांचेही असेच हाल होतात. उपाय म्हणजे बोट चांगले सेंटिमीटरभर उचलून मग ठिपका द्यायचा. पदर, ओढणी किंवा सदऱ्याची बाही काचेलगत आली तर तीही फळ्याला बोटच वाटते. पावसाळ्यात उजेडाकडे येणारे किडे चौकटीत शिरले की कोणी हात न लावता उमटणाऱ्या रेघांचे रहस्य उलगडते. तळहाताने फळा पुसता येतो, त्याचेही कारण सावलीच. सावली बोटापेक्षा बरीच मोठी असली तर डस्टर समजायचे, असे फळ्याला शिकवलेले असते. कोपर टेकवून लिहिणाऱ्या मुलाचे लिहिलेले पुसले जाते ते यामुळेच.

दुपारचे दुखणे सूर्याचे आहे. संवेदकाला प्रकाश कुठून आला हे कळत नाही, फक्त किती आला ते कळते. म्हणून फळा प्रत्येक वेळी दोन नोंदी घेतो, एक एलईडी बंद असताना आणि एक तो लावल्यावर. समजा, बंद असताना खोलीतल्या प्रकाशामुळे ४० एकक नोंद झाली आणि लावल्यावर ६५. वजाबाकी २५, म्हणजे किरण पोहोचतो आहे. मध्ये बोट आले तर दोन्ही नोंदी ४० आणि वजाबाकी शून्य. ही वजाबाकीची युक्ती खोलीतला साधा उजेड सहज निभावून नेते. पण संवेदकाची धाव समजा १०० एककांपर्यंतच आहे आणि खिडकीतून आलेले ऊन थेट त्याच्यावर पडले आहे. एलईडी बंद असताना नोंद १००, लावल्यावरही १००. वजाबाकी शून्य! तिथे बोट नसले तरी फळ्याला किरण अडल्यासारखा वाटतो, किंवा तो त्या पट्ट्यावरचा भरवसाच सोडून देतो. लक्षात घ्या, ऊन काचेच्या मधोमध पडले तर अक्षरे पुसट दिसतील, पण बोट ओळखण्यात फारशी अडचण येणार नाही. अडचण येते ती चौकटीच्या आतल्या कडेवर ऊन पडले की. जो भाग चालत नाही त्याच्या सरळ रेषेत वर, खाली आणि दोन्ही बाजूंना पाहावे. कुठे तरी उन्हाची तिरीप दिसेल. एक पडदा लावला की काम होते. स्नेहसंमेलनासाठी लावलेला हॅलोजनचा दिवाही हेच करतो, कारण तापलेल्या तारेच्या दिव्यातून दृश्य प्रकाशापेक्षा अवरक्त प्रकाशच जास्त बाहेर पडतो.

आणि धूळ. खडूचा फळा आणि डिजिटल फळा शेजारीशेजारी असणे ही आपल्या शाळांतली नेहमीची गोष्ट. खडूची पूड खालच्या कडेवर साठते आणि तिथल्या संवेदकांकडे, किंवा तिथे एलईडी असतील तर त्यांच्याकडून, येणारा प्रकाश हळूहळू कमी होतो. हळूहळू होणारा बदल फळा सांभाळून घेतो, कारण ‘काहीही आडवे नसताना किती प्रकाश येतो’ याची नोंद तो अधूनमधून नव्याने करीत असतो. पण पुडीचा थर एका मर्यादेपलीकडे गेला की मग सांभाळायला काही उरतच नाही. मऊ, कोरड्या कापडाने चौकटीची आतली कड, विशेषतः खालची, आठवड्यातून एकदा पुसावी. पाण्याचा फवारा मारू नये. पुसून झाल्यावर फळा बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि सुरू होताना कोणीही काचेला हात लावू नये. कोऱ्या फळ्याची नोंद त्या वेळी घेतली जाते. त्या क्षणी बोट आत असेल तर बोटासकट फळा म्हणजेच ‘कोरा’ फळा, असा त्याचा समज होतो.

दोन मुलांची तक्रार या सर्वांहून वेगळी आहे. तिच्यात यंत्राचा दोष नाही आणि धुळीचाही नाही. ती गणिताचीच अडचण आहे.

वर्गात एक-एक फुटाची फरशी असेल तर ती आपोआप आलेख कागद होते. दोन बाजूंच्या फरश्यांना क्रमांक द्या. एका मुलाला पाठमोरे बसवा. तो झाला फळ्याचा मेंदू. बाकीची मुले दोन बाजूंना ओळीने बसून आपापल्या रांगेत नजर ठेवतील. ती झाली संवेदक. आता (२, ३) आणि (५, ७) या फरश्यांवर एकेक बाटली ठेवा. खालच्या ओळीतली २ आणि ५ क्रमांकाची मुले ‘माझी रांग अडली’ म्हणतील, बाजूच्या ओळीतली ३ आणि ७ क्रमांकाची. पाठमोऱ्या मुलाकडे चार आकडे आले. बाटल्या कुठे आहेत? (२, ३) आणि (५, ७) असू शकतील, तशाच (२, ७) आणि (५, ३) सुद्धा! त्याला कोणत्याही तर्काने यांतली खरी जोडी ठरवता येणार नाही. खोट्या जोडीला या क्षेत्रातले लोक भूत-बिंदू म्हणतात. दोन बोटांना चार छेदनबिंदू, त्यांतली दोन भुते. तीन बोटांना नऊ, त्यांतली सहा भुते. दहा बोटांना शंभर, त्यांतली नव्वद. खऱ्यांपेक्षा खोट्यांचीच गर्दी.

जुन्या फळ्यांनी यावर काळाचा आधार घेतला. दोन बोटे अगदी एकाच क्षणी क्वचितच टेकतात. आधी आलेले बोट एकटे असताना त्याची जागा निश्चित कळते आणि मग दुसऱ्याची ठरवता येते. पण दोघे लिहिता लिहिता एकमेकांच्या रांगेत आले, की दोन सावल्यांची एक होते, आणि पुन्हा वेगळी झाली की कोणती कोणाची हे विसरायला होते.

खरा उपाय म्हणजे तिरके पाहायचे. आता फरशीच्या कर्णाच्या दिशेने नजर टाकणारी मुले बसवा. कर्णावरच्या सर्व फरश्यांसाठी क्ष वजा य ही संख्या सारखीच असते. खऱ्या बाटल्यांसाठी ती −१ आणि −२ आहे. भुतांसाठी −५ आणि २. कर्णावरची मुले −१ आणि −२ हेच कर्ण अडल्याचे सांगतील आणि भुते नाहीशी होतील. दोन बाटल्या कुठेही ठेवा, हा एक तिरका कटाक्ष नेहमी पुरतो. का पुरतो, हे सिद्ध करणे नववीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. भुताचा कर्ण खऱ्या बिंदूच्या कर्णाशी जुळायचा तर काय व्हावे लागेल, एवढाच विचार करायचा.

तीन बाटल्यांना मात्र तो पुरेलच असे नाही. (१, १), (३, २) आणि (५, ६) इथे बाटल्या ठेवून पाहा. सहा भुतांपैकी पाच पळतील, पण (१, २) वरचे भूत जागचे हलणार नाही, कारण त्याचा कर्ण (५, ६) च्या कर्णावरच येतो. बाटल्या तीन आहेत की चार, हे पाठमोऱ्या मुलाला सांगता येणार नाही. मग आणखी एका तिरक्या दिशेने पाहावे लागते, आणि मग आणखी एका. हल्लीच्या फळ्यांत नेमके हेच केलेले असते. एक एलईडी उजळला की समोरच्या एकाच संवेदकाची नव्हे तर त्याच्या आजूबाजूच्या अनेकांची नोंद घेतली जाते, आणि किरणांचा पंखा तयार होतो. ‘एकदम २० बोटे चालतात’ असे जे खोक्यावर छापलेले असते, ते या तिरक्या किरणांच्या जोरावर.

वेगवेगळ्या दिशांनी पडलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू ओळखायची, हा प्रश्न गणितात जुना आहे. योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ सालीच त्याचे सूत्र दिले होते. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी-स्कॅन घेतले गेले, तेव्हा क्ष-किरणांच्या सावल्यांवर तेच गणित चालवले गेले. त्यासाठी हौन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फळ्याचे काम त्या मानाने सोपे. त्याला पोकळ जागेत चारदोन बोटेच शोधायची असतात.

इतके एलईडी लावण्यापेक्षा दोन कॅमेरे लावले तर? फळ्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत, काचेलगत पाहणारा एकेक छोटा कॅमेरा बसवायचा. उरलेल्या कडांना आलेला प्रकाश आल्या वाटेने परतवणारी पट्टी लावायची, सायकलच्या मागच्या लाल चकतीसारखी. कॅमेऱ्याशेजारचा एलईडी उजळला की कॅमेऱ्याला सगळी कड चमकताना दिसते आणि बोटाच्या जागी काळा डाग. डाग कोणत्या कोनात आहे एवढेच प्रत्येक कॅमेरा सांगतो. दोन कोन आणि कॅमेऱ्यांतले अंतर माहीत असले की त्रिकोण पक्का झाला. समजा, अंतर १२० सेंटिमीटर, आणि वरच्या कडेशी होणारे कोन ४५ आणि ३० अंश. बोट वरच्या कडेपासून ‘ख’ अंतर खाली असेल, तर डावीकडून त्याचे अंतर ‘ख’ आणि उजवीकडून १.७३२ ख. दोन्हींची बेरीज १२०, म्हणून ख सुमारे ४४ सेंटिमीटर. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात डोंगरमाथ्यांची स्थाने याच रीतीने ठरवली गेली. या पद्धतीची एक खोड आहे. बोट वरच्या कडेच्या अगदी जवळ असले तर दोन्ही दृष्टिरेषा जवळजवळ एकाच रेषेत येतात, आणि त्या नेमक्या कुठे छेदतात हे धड कळत नाही. शिवाय दोन कॅमेरे म्हणजे पुन्हा दोनच दिशा, म्हणून भुते इथेही आहेतच. कॅनडातील स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००३ साली चारही कोपऱ्यांत कॅमेरे असलेला फळा काढला. ‘स्मार्ट बोर्ड’ हे नाव मुळात याच कंपनीचे. वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसे ते आपण सगळ्याच फळ्यांना लावतो.

आतापर्यंतच्या सर्व रीतींत काचेवरच्या हवेत पहारा होता. खराखुरा स्पर्श ओळखणारी प्रकाशाची एक रीत आहे, आणि ती पाहायला फळाही लागत नाही. काचेचा पेला काठोकाठ पाण्याने भरा. तो हातात धरून वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, पेल्याच्या आतल्या बाजूकडे तिरके पाहा. पेल्याची भिंत आरशासारखी चांदीची दिसेल आणि मागची बोटे दिसणार नाहीत. हे संपूर्ण आंतरिक परावर्तन. आता बोटे थोडी ओली करून पेला घट्ट धरा. चांदीच्या पडद्यावर एकदम बोटांचे ठसे उमटतील, रेषा न् रेषा मोजता येईल असे. जिथे बोटाची उंच रेषा काचेला चिकटली तिथली हवा गेली, आणि हवा गेली की परावर्तनाची अटच मोडली. दोन रेषांमधल्या खळग्यांत हवा आहे, तिथे आरसा शाबूत आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातील जेफ्री हान यांनी २००५ साली हेच तत्त्व वापरून अनेक बोटे एकदम ओळखणारा, कमी खर्चाचा पडदा दाखवला. अ‍ॅक्रिलिकच्या जाड पत्र्याच्या कडेतून अवरक्त प्रकाश आत सोडायचा. अ‍ॅक्रिलिकचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश असल्याने त्याहून तिरका जाणारा प्रकाश आतल्या आत उसळत राहतो. बोट टेकले की तिथून तो बाहेर निसटतो, त्वचेवर विखुरतो, आणि पडद्यामागच्या कॅमेऱ्याला तिथे उजळ ठिपका दिसतो. इथे भुते नाहीत, कारण कॅमेरा समोरूनच पाहतो. पण मागे कॅमेऱ्यासाठी हातभर जागा लागते, म्हणून भिंतीवरच्या फळ्यासाठी ही रीत गैरसोयीची. आणि कोरडे बोट तिला नीट कळत नाही, कारण कोरड्या त्वचेत व काचेत हवेची सूक्ष्म फट राहून जाते.

ही कोरड्या बोटाची अडचण फळ्यापेक्षा दुसरीकडे जास्त भोवते. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांपैकी अनेकांत काचेचा लोलक आणि हेच आंतरिक परावर्तन असते. आधारची पहिली नोंदणी २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाली, आणि आज रेशनच्या दुकानात धान्य घेताना बोट टेकवावे लागते. वीटभट्टीवर, चुना-सिमेंटमध्ये, उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाच्या बोटाच्या उंच रेषा झिजलेल्या असतात आणि कातडी कोरडी. लोलकावरची हवा जातच नाही, ठसा उमटत नाही. कोरडेपणामुळे असे होत असेल तर बोट पुसून, किंचित दमट करून पुन्हा टेकवल्यास बहुधा काम होते. काचेवर आधीच्या माणसाचे तेल-घाम साचलेले असेल तर तीही पुसावी. रेषाच झिजल्या असतील तर पाण्याचा उपयोग नाही. तिथे बुबुळाचे चित्र किंवा मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक हे मार्ग आहेत. बुबुळाचे चित्र घेणारा कॅमेराही अवरक्त प्रकाशच वापरतो, कारण आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळांची वीण साध्या उजेडात दिसत नाही ती त्या प्रकाशात स्पष्ट दिसते.